बाबिकरचा रिंगपाना

अवदियाबाईंची पिकअप आम्ही गॅरेजात ढकलत आणली तेव्हा ती एका अंगाला कलली होती. मागच्या स्प्रिंगचा मोठा पाटा मधोमध तुटला होता. अवदियाबाई सुईण. इथे सुदानात अतबरा शहराच्या आसपास नदीकाठच्या गावांमधून बाळंतपणं करतात. पुराच्या दिवसांत त्यांनी गाडी चिखलापाण्यातून हाकली होती, त्यामुळे स्प्रिंग आसाला आवळून धरणारे चारही नट गंजून बोल्टशी एकजीव झाले होते.

"आज दिवस मावळायच्या आत दे बाबा," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या गावात पहिलटकरीण आहे. दिवस भरलेत तिचे."

"बोल्ट गॅसनं कापून टाकू," माझा भागीदार हमद म्हणाला.

"आणि नवे कुठून आणशील?" मी म्हणालो. " पोर्ट सुदानहून यायला आठवडा जाईल. शिवाय शेजारी डिझेलची टाकी आहे, एक ठिणगी पुरे."

मग हमदनं नव्या पेटीतला पाना काढला. चकचकीत, आरशासारखा. त्याला लांब पाइप लावून आम्ही दोघं लोंबकळलो, तर पान्याचं तोंडच फाकलं. दुसरा घेतला, तो तडकला.

"दिसायला नवरदेव," मी म्हणालो.

"आणि कामाला पाहुणा," हमद म्हणाला.

तेव्हा मला बाबिकर आठवला. उभा जन्म रेल्वेच्या कारखान्यात लोहारकाम केलेला माणूस. निवृत्तीनंतर घरामागे भट्टी घालून हत्यारं घडवायचा. विकायचा नाही, वापरायला द्यायचा. तो गेल्यापासून त्याची हत्यारांची पेटी बंदच होती. त्याची बायको बतूल ती भंगारवाल्याला देणार, असं ऐकलं होतं. मी तिच्याकडे गेलो.

बतूलला सगळे मानानं हाज्जा म्हणतात. ती अंगणात कॉफीचे दाणे भाजत होती. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाना मिळेल. पण मी बरोबर येणार."

"हाज्जा, ऊन फार आहे."

"मी काय आज बघतेय का ऊन?"

ती कॉफीच्या सामानासकट आली आणि गॅरेजातल्या बाजेवर ऐसपैस बसली. कापडातून तिनं रिंगपाना काढला, नटाला चहूबाजूंनी कवेत घेणारा. काळा, जड, हातोड्याचे घाव अजून अंगावर दिसणारा.

"रेल्वेच्या डब्याच्या मोडक्या आसातून घडवला त्यानं. तापवून तेलात बुडवला तेव्हा तेलाचा डबा मी धरला होता. ही भुवई तेव्हा जळाली, ती पुन्हा नीट आलीच नाही."

पाना नटावर बसवला. कुठे तसूभर हलायला जागा नाही. पाइप लावून जोर केला. नट ढिम्म. घाव घालायला मी हातोडा उचलला आणि थबकलो.

"मारू का हाज्जा?"

"मग काय ओवाळतोस? मार."

मी मारला. पुन्हा मारला. हमद पाइपवर सगळा भार टाकून होता. एकाएकी कडाड आवाज झाला आणि हमद जमिनीवर आपटला. मला वाटलं, पाना तुटला. त्या माणसाची आठवण मोडली, आता हिला तोंड कसं दाखवू? मी बतूलकडे बघितलं. ती कॉफी ओतत होती. तिनं मानही वर केली नाही.

"नट सुटला असेल," ती म्हणाली.

नटच सुटला होता. बाकीचे तीनही तसेच भांडून भांडून निघाले. मग मी पान्याच्या आतून अंगठा फिरवला. एकही कोपरा झिजला नव्हता, दांडा रेषेत सरळ होता. इतकी वर्षं मी हत्यारं हाताळतोय, पण असं पोलाद हाती आलं नव्हतं. हमद एरवी कशालाच चांगलं म्हणत नाही. तोही पाना दोन्ही हातांत धरून नुसता बसून राहिला.

असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजापर्यंत गॅरेजात शिल्लक असलेला नवा पाटा बसला आणि अवदियाबाई निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप.

मी बतूलला पाना विकत मागितला. तिनं नकार दिला. पण भंगारवाल्यालाही तिनं परत पाठवलं, आणि पेटीचं कुलूप काढून अंगणात टांगलं.

आता आमच्या गल्लीत एखादा नट अडून बसला की माणसं तिच्या दारी जातात. ती आधी गाडी कुठली, गंज किती ते विचारते, कॉफी पाजते, मग हत्यार हातात देते. परत आणलं की डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवते. परवा हमदनं पाना न पुसताच नेऊन दिला. त्याला तिनं अंगणातच बसवलं, हातात चिंधी दिली, आणि त्याचं पुसून होईपर्यंत बाबिकरच्या गोष्टी सांगत बसली.