आडोशाच्या डाव्या कानातून

तो टप्पा संपताना मी पाहिलेला नाही. मला डोळे नाहीत. अंतिम रेषेवर कोणाचे चाक पुढे होते, मागे राहिलेला घोळका किती जवळ येऊन ठेपला होता, हे मला इतरांच्या बोलण्यातून कळले. आणि इतरांचे बोलणे मी नेहमी पारखून घेतो. मी एक इअरफोन बोलतोय. सायकल शर्यतीतल्या खेळाडूच्या डाव्या कानात बसणारा, जेमतेम वाटाण्याएवढा. माझे खरे काम ऐकवण्याचे. ऐकणे ही मला लागलेली खोड.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. भिंगातून पाहणाऱ्या एका बाईने माझ्या पोटात केसासारखी तार बसवली. मग तपासनिसाने मला कानात घातले, पलीकडच्या माणसाला "हॅलो, हॅलो, येतंय का?" असे विचारायला लावले आणि मान डोलावून ट्रेमध्ये टाकले. आयुष्यात ऐकलेले ते पहिले वाक्य. त्यात काही अर्थ नव्हता. पण पुढे जी वाक्ये ऐकली, त्यांतल्या बऱ्याच वाक्यांपेक्षा ते प्रामाणिक होते.

तिथून मी एका सायकल संघाकडे आलो. संघाचे मॅनेजर गाडीतून शर्यतीच्या मागे येत आणि बोलत. ते बोलणे मी कानात सोडायचे. त्यांना सगळे दादा म्हणत. मी ज्याच्या वाट्याला आलो, त्याला सगळे आडोसा म्हणत. नाव त्याच्या पाठीवरून पडले होते. सायकलस्वाराचा खरा शत्रू वारा. जो पुढे असतो तो वारा फोडतो, जो मागे असतो त्याची ताकद वाचते. आडोशाची पाठ कपाटाएवढी रुंद होती, आणि त्या पाठीमागे बसून संघनायक मोठा झाला होता. संघनायकाला सगळे साहेब म्हणत.

रोज सकाळी बसमध्ये मालीश करणाऱ्या मावशी मला आडोशाच्या कानात बसवून वर चिकटपट्टी लावत.

"मान हलवू नकोस रे. एवढे सुपाएवढे कान, आणि पट्टीला जागा म्हणून नाही!"

"मावशी, निसटेल हं."

"माझी पट्टी? आंघोळ केलीस तरी सुटायची नाही."

त्या सकाळी पट्टी लागत असताना आडोसा सासऱ्यांचा किस्सा सांगत होता. दर वर्षी ते त्याला तोच प्रश्न विचारत: "जावईबापू, शर्यतीत तुम्ही नेमकं करता काय?" तो म्हणे, "वारा अडवतो." यावर सासरे म्हणत, "त्याला आमच्याकडे दार आहे." सगळी बस हसली. आडोसाही हसला. हसणे संपल्यावर त्याच्या दातांवर दात बसले. ते मला जबड्यातून जाणवले. इतक्या वर्षांत त्याने एकही टप्पा स्वतःसाठी जिंकलेला नव्हता, आणि या हंगामानंतर संघ त्याला ठेवणार नाही, हे दादांनी त्याला आदल्याच दिवशी सांगितले होते.

कानात राहणाऱ्याला मनातले कळते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मला कळते ती नाडी, श्वास आणि घाम.

शर्यत कित्येक दिवसांची होती. रोज एक टप्पा; सगळ्या टप्प्यांचा मिळून ज्याचा वेळ सर्वांत कमी, तो अखेरचा विजेता. साहेब तेव्हा सर्वांत पुढे होते. दादांचा बेत सरळ होता. सुरुवातीलाच जी चारदोन माणसे घोळक्यातून निसटून पुढे पळतील, त्यांच्यात आडोशाने घुसायचे. म्हणजे आपला माणूस पुढे, पाठलागाची डोकेदुखी इतर संघांना, आणि साहेबांना घोळक्यात विसावा.

"पण पुढे येऊन ओढायचं नाही," दादा म्हणाले. "सगळ्यात मागे बसायचं. कळलं?"

"कळलं, दादा."

निसटले ते चौघे. आडोसा, दुसऱ्या संघातला एक मुरलेला खेळाडू ज्याला सगळे म्हातारा म्हणत, एक बुटका चढाईबहाद्दर आणि एक निळ्या जर्सीवाला. निसटलेल्यांचा एक अलिखित कायदा असतो: वारा आळीपाळीने खायचा. प्रत्येकाने थोडा वेळ पुढे यायचे, ओढायचे, बाजूला होऊन मागे जायचे. जो आपली पाळी चुकवतो, त्याला कोणी मारत नाही. त्याच्याशी बोलतात, आणि ते अधिक वाईट असते.

"काय रे आडोशा," म्हातारा म्हणाला, "आयत्या बिळावर नागोबा?"

"वरून हुकूम आहे."

"वरून? वर मला तर ढगच दिसतायत."

"आपणही थांबू या की," निळा म्हणाला. "इथेच सतरंजी टाकू, पत्ते खेळू. याच्या पाठीला टेकायचं."

बुटक्याने पायडल मारणे सोडून दिले. चौघांचा वेग उतरला. मागचा घोळका जवळ येऊ लागला, हे दादांच्या आवाजातल्या धारेवरून मला कळले.

आडोशाने छातीवरचे रेडिओचे बटण दाबले. "दादा, हे लोक थांबायला लागलेत. मी ओढू का थोडं?"

"नाही."

"मग आम्ही सगळेच सापडणार."

मग दादा म्हणाले, "बरं, ओढ. पण जीव राखून."

त्याने जीव राखला नाही. त्याची नाडी माझ्यावर हातोडीसारखी आपटू लागली. मला सुखाने बसणे असे कधी माहीतच नाही. खरखर, शिट्टी, हुकूम, पुन्हा खरखर, हेच माझे आयुष्य. पण त्या दुपारी माझीही तार जुळली. पाळ्या घड्याळाच्या काट्यासारख्या फिरत होत्या. कोणी चुकत नव्हते, कोणी मोजत नव्हते. म्हातारा ओरडला, "अरे हळू! तू पुढे आलास की रस्ताच दिसत नाही!" आणि पहिल्यांदाच चौघे एकदम हसले.

शेवटचा चढ संपून उतार लागला, तेव्हा गाडीतून आवाज आला. आधी नुसती खरखर. मग दादा, भराभर: "साहेब पडले. उठलेत. सायकल बदलली. पण मागे एकटे पडलेत…"

त्याच क्षणी आडोशाचा अंगठा माझ्यावर आला.

इथे मला नेमके बोलले पाहिजे. वारा कानात घोंघावू लागला की सगळेच खेळाडू अंगठ्याने इअरफोन आत दाबतात, नीट ऐकू यावे म्हणून. तो अंगठा तसाच आला. त्याचा दाब मला जाणवला. पट्टी घामाने निथळत होती. दुसऱ्या क्षणी मी कानाबाहेर होतो आणि वायरला लोंबकळत जर्सीच्या कॉलरवर आपटत होतो.

यानंतरचा हुकूम माझ्यातूनच आला. "आडोशा, थांब. साहेबांसाठी थांब. त्यांना पुढून आडोसा द्यायला कोणी नाही. थांब म्हणतोय ना मी! ऐकतोयस ना?" वाटाण्याला जितके ओरडता येते तितके मी ओरडलो. उताराचा वारा माझ्या तोंडचा शब्द खात होता. त्यातला किती वर पोहोचला, मला ठाऊक नाही.

उतारावर हात सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे त्याने मला परत कानात का घातले नाही, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. पुढे सपाट रस्ता लागला. तिथे तो एका हाताने बाटली काढून पाणी प्यायला. म्हणजे हात मोकळा होता, ही नोंद मी करतो. तहानलेला माणूस आधी पाणीच पितो, हीही.

मग गर्दीचा आवाज सुरू झाला. "मागे बघू नकोस!" म्हातारा ओरडला. "बघितलंस की मेलास!" साखळ्यांची करकर, कोणाचा तरी हुंकार, लोखंडी कठड्यांवर आपटणारे शेकडो तळवे. मग ब्रेक. मग आडोशाची छाती भात्यासारखी वरखाली होताना मी तिच्यावर उडत होतो.

"जिंकलास लेका," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "आता मला धर, नाहीतर मी पडतो."

साहेब उशिरा पोहोचले, आणि एकूण शर्यतीतली आघाडी त्यांच्या हातून गेली ती गेलीच.

बसमध्ये कोपर बांधलेल्या साहेबांनी "चांगला गेलास" एवढे म्हटले आणि तोंड खिडकीकडे फिरवले. दादा आडोशासमोर उभे राहिले.

"हाक ऐकली नाहीस?"

"निसटला होता, दादा."

"निसटला, की…"

"घामाने सुटते पट्टी," मावशी मध्येच म्हणाल्या. "किती वेळा सुटलीय." माझ्या माहितीत एकदाही सुटलेली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. सासरे होते. "जावईबापू, आज वारा कोणी अडवला?"

"आळीपाळीने, बाबा," आडोसा म्हणाला. फोन संपला तेव्हा दादा बसमधून उतरून गेले होते.

हंगाम संपला. आडोसा दुसऱ्या संघात गेला; तिथे तो कोणाचा वारा अडवतो की अडवत नाही, मला ठाऊक नाही. संघात नवे, बिनतारी इअरफोन आले. जुने एका खोक्यात भरले गेले. मला मात्र दादांनी खोक्यातून वेचून गाडीच्या कप्प्यात ठेवले. तिथे मी स्क्रू ड्रायव्हर, चष्म्याची एक काडी आणि वितळलेली चॉकलेटे यांच्या सहवासात असतो. माझ्यातून आता कोणी बोलत नाही. या शांततेची मला सवय होत नाही.

एकदा गाडीतून, फोनचा स्पीकर लावून, दादांनी त्याला सरळ विचारले. पलीकडून उत्तर आले, "दादा, तुम्हाला काय वाटतं?" दादांनी फोन ठेवून दिला.

माणसांना साक्षीदार हवा असतो. पण त्याने आपल्याला हवे तेच पाहिलेले असावे, अशीही त्यांची इच्छा असते. माझी एवढीच विनंती आहे: जो अंगठ्याखाली होता, त्याला अंगठ्याचा हेतू विचारू नका.

परवा भर दुपारी दादांनी मोकळ्या मैदानात गाडी उभी केली. मावशींकडून मागून आणलेली चिकटपट्टी काढली. स्वतःच्या कानावर बाटलीतले पाणी ओतले, मला आत बसवले, वर पट्टी लावली आणि अंगठ्याने दाबले. मी आतच राहिलो. त्यांनी पट्टी काढली, नवी लावली, पुन्हा पाणी ओतले आणि अगदी तसेच दाबले.

मी निसटून त्यांच्या मांडीवर पडलो.

तिसऱ्यांदा त्यांनी करून पाहिले नाही.