आत माणसं राहतात

घरमालकाच्या डोक्यावरचे केस त्याचे स्वतःचे नाहीत, हे तिला भाडेकरार करतानाच कळलं होतं. सही करायला तो वाकला आणि तिची नजर त्याच्या भांगावर गेली. खऱ्या डोक्यावरचा भांग इतका शहाण्यासारखा वागत नाही. टोप बरा होता, पण घाईच्या हाताने केलेला. कपाळाजवळ केस फार दाट बसवले होते. तिने पेन परत घेतलं, घराची चावी घेतली आणि चकार शब्द काढला नाही. त्याला आता चार वर्षं झाली.

तिचा धंदाच तो. लोक तिला विगवाली म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई राहत होत्या. दार उघडलं की पहिली खोली कामाची. फळीवर सहा लाकडी डोकी ओळीने ठेवलेली, त्यांना आई 'मंडळी' म्हणायची आणि धूळ पुसताना त्यांच्यावर डाफरायची. खिडकीपाशी खुर्ची, शेजारी हुक, जाळी, कात्र्या. जाळीच्या टोपीवर एकेक केस हुकाने ओढायचा, गाठ मारायची, पुढचा घ्यायचा. एका टोपाला सहा आठवडे सहज जात. आई खिळ्यांच्या पाटावर केस विंचरून लांबीप्रमाणे जुड्या लावायची आणि दिवसभर बोलायची.

दारावर पाटी नव्हती, मुद्दाम. तिच्याकडे येणारी माणसं जिन्यातही इकडेतिकडे बघत यायची. कुणाचे केस औषधांनी गेलेले, कुणाचे भाजल्यामुळे, कुणाचे का गेले ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. नवऱ्यासमोर डोक्यावरचा रुमाल न सोडणाऱ्या बायका तिच्या खुर्चीत बसून तो सोडायच्या. इथे कुणी बघणार नाही, एवढ्या एका भरवशावर तिचं नाव झालं होतं.

आणि त्या भरवशावर घरमालकाने मंगळवारी सकाळी अकरा वाजता पाय ठेवला.

खुर्चीत गणिताच्या बाई होत्या. वर्षभर आजारपण काढून त्या सोमवारपासून पुन्हा वर्गावर जाणार होत्या. टोप तयार होता. फक्त डोक्यावर बसवून कपाळाजवळ कापायचा राहिला होता. बाईंनी रुमाल सोडून मांडीवर ठेवला आणि कुलपात चावी फिरली. घरमालक आत, त्याच्यामागे एजंट, एजंटच्या मागे विकाऊ घर बघायला आलेलं एक जोडपं.

"ही बाहेरची खोली. उजेड बघा केवढा," घरमालक म्हणाला.

बाईंनी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खुर्चीतच खाली वाकल्या. विगवालीने टेबलावरची चादर ओढून त्यांच्यावर टाकली, तेव्हा चादरीचं टोक लागून लाकडी डोक्यांवरचे दोन टोप जमिनीवर गेले. पाहुणी बाई "अगंबाई" म्हणून मागे सरकली. एजंटने तेवढ्यात खोलीचा फोटोही काढला.

विगवालीने तो त्याच्याकडून तिथेच पुसून घेतला आणि सगळ्यांना दाराबाहेर काढलं. पण व्हायचं ते झालं होतं. बाईंनी रुमाल बांधला, गाठ दोनदा तपासली. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. "मी सुट्टी वाढवून घेते. अजून दोन-तीन महिने. मग बघू."

मग बघू म्हणजे काय, ते विगवालीला चांगलं माहीत होतं. एकदा घरात बसलेलं माणूस दर महिन्याला थोडं अजून आत बसतं. तिला राग आला, आणि राग आला की ती फार व्यवस्थित वागायची. कराराचा कागद काढला, वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला.

"कागद कशाला?" आई जुडी बांधता बांधता म्हणाली. "जा आणि चारचौघांत ओढ त्याचा टोप. दुकानात गिऱ्हाईक असेल तेव्हा जा."

"आई."

"मी आपलं सुचवलं."

घरमालकाचं रंगाचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. दुकानात एक मोठा पंखा होता, आणि उन्हाळा कितीही पेटला तरी त्याचं तोंड कायम गिऱ्हाइकाकडे असायचं. मालक स्वतः घामाने निथळत बसायचा. किती अगत्य, असं लोक म्हणायचे. विगवाली पंख्यासमोर उभी राहिली. पंख्याचं तोंड एक वीत फिरवलं असतं, तर पुढचं काम वाऱ्याने केलं असतं.

तिने कागद उघडला. "काका, घर विका. तुमचं घर आहे, मी कोण अडवणार? पण वर्षअखेरपर्यंत राहतो आम्ही त्यात. दाखवायचं असेल तर एक दिवस आधी कळवायचं, असं लिहिलंय. खाली तुमचीच सही आहे."

"अहो, माझ्याच घरात जायला मी तुमची परवानगी घेऊ?"

"विचारून या, एवढंच. रविवारी सकाळी दहा ते बारा आणि गुरुवारी दुपारी चार ते सहा मी दार उघडीन. दोन्ही खोल्या नीट दाखवीन, नळाला पाणी किती येतं तेही सांगीन. बेल वाजवायची आणि थांबायचं. कपाटं उघडायची नाहीत, फोटो मला विचारून. आणि चावी लावून कुणी आत यायचं नाही."

दोन गिऱ्हाईकं कान देऊन ऐकत होती. विक्रीच्या तोंडावर भाडेकरूशी वाजलं तर घेणारे बिचकतात, हे घरमालकाला कळत होतं.

"वेळा ठीक आहेत," तो कपाळ टिपत म्हणाला. टिपतानाही फार जपून, वरच्या कडेला हात न लावता. "चावी मात्र एजंटकडेच राहील. मालक मी आहे."

रविवारी दहाला दहा कमी असताना बेल वाजली. तिने दार उघडलं. घरमालक एकटाच, धापा टाकत. घर बघणारे खाली गाडी लावायला जागा शोधत होते, एजंट त्यांच्याबरोबर होता, आणि हा तीन मजले चढून पुढे आला होता. घामाने कपाळावरची चिकटपट्टी सुटली होती. टोप पुढे सरकून डाव्या भुवईवर आला होता, आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

आईने मागून बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. तिच्या डोळ्यांत नुसता आनंद होता. खालून जिन्यात पावलं वाजू लागली.

दार उघडं ठेवून बाजूला व्हायचं, बस. गणिताच्या बाईंच्या अपमानाची अख्खी फेड झाली असती.

"काका, आत या," ती म्हणाली. त्याला दंडाला धरून आत घेतलं, दार लावलं, वरची कडी सरकवली आणि त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. "टोप सरकलाय. दोन मिनिटांचं काम आहे."

त्याचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच थांबला. तो काही बोलायच्या आत तिने टोप अलगद उचलला, लाकडी डोक्यावर ठेवला आणि त्याचं कपाळ पुसायला घेतलं.

"तुम्हाला कधीपासून..."

"करार केला त्या दिवसापासून."

"कुणाला बोललात?"

"आईने तिच्या डोळ्यांनी ओळखलं. माझ्या तोंडून कुणालाच कळलं नाही. कळणारही नाही."

तेवढ्यात दारात बोलणं ऐकू आलं. बेल वाजली नाही. एजंटने सवयीने कुलपात चावी घातली आणि ती फिरली.

घरमालकाने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खुर्चीतच खाली वाकला.

दार कडीवर आपटलं आणि थांबलं. बाहेरून एजंटने पुन्हा ढकललं. "अडकलंय वाटतं," तो कुणाला तरी सांगत होता.

"कडी घातलीय, काका," विगवाली हळू म्हणाली. "सरळ बसा. मी उघडल्याशिवाय कुणी येत नाही."

तो सरळ बसला खरा, पण हात खाली यायला वेळ लागला. आईचा पदर तोंडातून कधीच निघाला होता. तिने उठून पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि ती, चक्क, गप्प बसली.

विगवालीने नवी पट्टी लावली, टोप बसवला, कपाळाजवळचे दाट केस विरळ करून घेतले. आरसा दिला. त्याने एकदा बघितलं, परत बघितलं. इतकं बरं डोकं त्याने दहा वर्षांत बघितलं नसावं. मग तो स्वतः उठला, कडी काढली आणि दार उघडलं.

"बेल वाजवून थांबता येत नाही का?" त्याने एजंटला विचारलं. "आत माणसं राहतात." आणि हात पुढे करून चावी मागून घेतली.

खोल्या नीट दाखवून झाल्या. नळाचं पाणीही सांगून झालं. सगळे खाली गेल्यावर घरमालक दारात रेंगाळला.

"मंगळवारी त्या ज्या बाई होत्या..." पुढचं त्याला जमेना. त्याने चावी टेबलावर ठेवली. "घर विकेपर्यंत तुमच्याकडेच ठेवा. पाइपबिइप फुटला तर मात्र लगेच उघडा."

"उघडीन, काका."

ती खिडकीत गेली आणि तिने गणिताच्या बाईंना फोन लावला. "बाई, टोप तयार आहे. आज चार वाजता या."

"अगं, नको. परत कुणी आलं तर?"

"या तर खरं."

बाई आल्या. खुर्चीत बसल्या, पण हात रुमालाच्या गाठीवरच राहिला आणि डोळे दारावर. विगवालीने कडी सरकवली. मग घरमालकाची चावी उचलून बाईंच्या हातात दिली आणि त्यांची बोटं त्यावर मिटली.

"आमची सोडली तर बाहेरून उघडणारी एवढी एकच," ती म्हणाली. "धरून बसा."

बाईंनी चावी उजव्या मुठीत घट्ट धरली आणि डाव्या हाताने गाठ सोडली.