पाळीतलं ओझं

हे मी लिहिणारच नव्हतो. सुरू करायचो आणि पुसून टाकायचो. शेवटी आबेलिनोच म्हणाला, "लिही बाबा एकदाचं. फक्त मला साधुसंत करू नकोस." तर घ्या.

आबेलिनो गवंडीकाम करतो. त्याचा दोस्त नेफ्ताली समुद्राकडे ऊसतोडीला जायचा. तिथल्या उन्हात त्याच्या किडन्या गेल्या. दोघं सान रोके गावचे, एका गल्लीतले. मिसरूड फुटल्यापासून उपवासकाळात दोघांनी येशूची पालखी एकत्रच उचललेली. जांभळे झगे घालायचे, दांडीखाली खांदा द्यायचा आणि एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत ओझं वाहायचं. धुपाने डोळे चुरचुरतात, मागे बँड रडतो. नेफ्तालीची लेक देल्मी तापाने गेली, तेव्हापासून तो ते ओझं तिच्या नावाने वाहायचा. खांदा सोलून निघाला की म्हणायचा, "पोचलं तिला."

यंदा डॉक्टरांनी हात टेकले होते. नेफ्तालीला एकच धास्ती, की पालखी चुकेल.

पाळी मिळते ती खांद्याची उंची मोजून. सारख्या उंचीचे एका पाळीत, नाहीतर उंच माणूस चिरडला जातो आणि बुटक्याच्या वाट्याला काहीच येत नाही. देवळाच्या अंगणात पाळ्या लावणारे म्हातारे डॉन इहिनियो पट्टी धरून बसले होते. आजाराने नेफ्ताली पार वाकला होता.

"काय रे, जमिनीत चाललास की काय?" डॉन इहिनियो म्हणाले.

"तुम्ही गेल्याशिवाय नाही जात," नेफ्ताली हसला आणि धाप लागून बाकावर जाऊन बसला.

डॉन इहिनियोंनी पट्टी बघितली, मान हलवली. "हा बुटक्यांच्या पाळीत जाणार."

आबेलिनो त्यांच्या कानाशी वाकला. "माझ्याच पाळीत घ्या ना."

"अरे, दांडी टेकणार नाही त्याला."

"नकोच टेकायला. मरेल तो."

म्हाताऱ्याने बाकावरच्या नेफ्तालीकडे बघितलं. मग दिली पाळी.

"कितवी रे?" नेफ्तालीने विचारलं.

"आपली नेहमीचीच," आबेलिनो म्हणाला. "तू माझ्या पुढे."

रविवारी पालखी त्यांच्या चौकात आली. घंटी वाजली, माणसं बदलली, सगळ्यांनी खांदे लावले आणि पालखी उठली. आबेलिनोच्या खांद्यात कळ गेली. समोर बघितलं तर नेफ्तालीचा खांदा आणि दांडी यांच्यामध्ये फट, आणि फटीतून पलीकडची पिवळी भिंत दिसत होती.

नेफ्तालीने आधी मान वळवून वर पाहिलं. मग खांदा वर ताणला. मग टाचा उचलल्या. तो बिचारा चवड्यांवर चालायला लागला, लहान मूल फळीवरच्या डब्याला हात पुरवतं तसा. मध्येच तोल जायचा, पुन्हा सावरून चवड्यांवर. आबेलिनो गुडघ्यात वाकला, पण एकट्याच्या वाकण्याने एवढी पालखी कुठे खाली येते? उलट मागचा करवादला, "सरळ चाल की लेका, सगळं माझ्यावर येतंय."

चौक आला. पाळी संपली. नेफ्तालीने झगा बाजूला करून खांदा चाचपला. कोरडा, साधा ओरखडाही नाही. तो तडक घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबेलिनो गेला, सोबत तोरेहा, म्हणजे गुळाच्या पाकातला पाव, घेऊन. नेफ्ताली खाटेवर पडलेला. अंगणात त्याचे ताता, म्हणजे वडील, डॉन सिक्स्तो घेवडा सोलत होते. म्हातारा चणीने लहान, त्यात कमरेत वाकलेला.

"तुला माहीत होतं," नेफ्ताली म्हणाला.

"हो."

"पोरीला यंदा काय देऊ मी?"

आबेलिनोने तोरेहाची ताटली खाली ठेवली. "मला वाटलं, तुला जपावं."

"जपायला काय उरलंय रे? तेवढं एक होतं माझ्याकडे, तेही तू उचललंस."

"शिव्या दे."

"दम नाही." मग तो हळू बोलला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "हे बघ. मला इथून न्याल तेव्हा ताता खांदा द्यायला येईल. लोक म्हणतील, राहू द्या ताता, तुम्ही मागून चाला. फार तर शवपेटीला नुसता हात लावू देतील."

"म्हणतील खरे."

"एकुलता एक आहे मी त्याला. त्याच्यावर माझं वजन येऊ दे. खरं वजन. त्याला चवड्यांवर चालायला लावू नकोस."

बाहेर शेंगा मोडल्याचा आवाज येत होता. आबेलिनोने त्याचा सुजलेला हात हातात घेतला.

"सहाच जण असतात पेटीला," तो म्हणाला. "तातांच्या बाजूचे दोघे मी निवडीन, बुटके. नाही मिळाले तर मी आणि अजून एक, गुडघ्यात वाकून चालू, दफनभूमीपर्यंत. कुणी राहू द्या म्हणालं तर मी बघून घेईन. तुझं वजन तातांच्या खांद्यावर येईल, नेफ्ता. शब्द दिला."