दोनशे चारचं दार

गाडीपासून दारापर्यंत, सरासरी बावन्न सेकंद.

निळ्या काठाची पांढरी साडी, इस्त्री करून बॅगेत सगळ्यात वर.

नोकरी गेली की व्हिसावर साठ दिवस, मग देश सोडायचा.

कुत्र्याच्या खाण्याचं पोतं, अठरा किलो.

नागपूर, पोस्टातलं सॉर्टिंग, एकतीस वर्षं.

बाबासाहेब शिकले ते कॉलेज बघून येते, असं विहारातल्या सगळ्या बायांना सांगून ठेवलेलं.

*

तर रमाबाई मे महिन्यात अ‍ॅशबर्नला मुलाकडे आल्या, ऑक्टोबरअखेरपर्यंत. अमेरिकेत त्यांना एकच गोष्ट बघायची होती, न्यूयॉर्कची कोलंबिया युनिव्हर्सिटी. धबधबे न् पुतळे तुमचे तुम्ही बघा.

"जाऊ ना आई, कुठल्याही शनिवारी," प्रफुल्ल म्हणाला. पाच तासांचा तर रस्ता.

प्रफुल्लची कंपनी पार्सलं पोचवायची. विमान स्वस्त पडतं, ट्रक स्वस्त पडतो; जीव खातो तो शेवटचा तुकडा, गल्लीतून दारापर्यंतचा. तो खर्च कमी करायचा, यासाठी प्रफुल्लची टीम दोन वर्षं डोकं फोडत होती. खर्च जागचा हलत नव्हता.

इकडे रमाबाई दिवसभर घरात एकट्या. शेजारची आश्लेषा ऑफिसला जाता जाता म्हणाली, "मावशी, माझं पार्सल घेऊन ठेवाल?" ठेवलं. मग वरच्या मजल्याचं. मग कोपऱ्यावरच्या गोऱ्या म्हातारीच्या कुत्र्याचं. लुईस ड्रायव्हरला बारा दारांऐवजी एकच दार. रमाबाईंनी हॉलच्या भिंतीशी खोक्यांच्या रांगा लावल्या, मजल्याप्रमाणे, हात सवयीचे. कुणी नंबर सांगायचा अवकाश, खोकं हातात.

जुलैत प्रफुल्लला ऑफिसच्या नकाशावर एक हिरवा ठिपका दिसला. अख्ख्या काउंटीतला सगळ्यात स्वस्त पत्ता. त्याने तो तीनदा तपासला. त्याचाच होता.

*

"ती माझी आई आहे," तो फोनवर म्हणाला.

"यार, मग आईच आपला पायलट प्रोजेक्ट!" त्याचा मॅनेजर देवांग ओरडलाच. योजनेला नावही त्यानेच दिलं: गुड नेबर.

"पैसे देतीन का रे?" रमाबाईंनी विचारलं.

"नाही आई. व्हिजिटर व्हिसावर तुला काम नाही करता येत. पैसे घेतले की ते काम होतं."

"अन् नाही घेतले तं?"

"तर शेजारधर्म."

"अस्सं! म्हणजे एकतीस वर्षं पगार घेऊन मी धर्मच बुडवला म्हण की."

दोघं पोट धरून हसले. ऑगस्टपासून एका इमारतीऐवजी चौदा इमारतींची पार्सलं प्रफुल्लच्या फ्लॅटमध्ये, दोनशे चारमध्ये, यायला लागली.

*

जूनचा शनिवार: गाडी सर्व्हिसिंगला.

ऑगस्टचा: पायलटचा पहिला आठवडा.

सप्टेंबरचा: सेल. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, रमाबाई ओट्यापाशी उभ्यानेच जेवल्या.

*

ऑक्टोबरचा, शेवटचा. उद्या विमान.

रमाबाई पांढरी साडी नेसून, स्वेटर चढवून, पायात बूट घालून तयार. पोळीभाजी बांधलेली. प्रफुल्लने किल्ली उचलली आणि बेल वाजली. लुईस. एकशे चाळीस खोकी.

त्याच्या मागोमाग देवांगचा फोन. "आज दार बंद ठेवणार? भाई, मंगळवारी वरच्यांना आकडे दाखवायचेत. ही सगळी परत गेली तर ग्राफ कोसळेल. आणि ग्राफ गेला की टीम गेली. तुझ्यासकट."

प्रफुल्लने किल्ली परत ठेवली. मग म्हणाला, "आई, मी पटापट वाटून टाकतो. अकराला निघू."

अर्ध्या तासात त्याने एका माणसाला दुसऱ्याचं खोकं दिलं, दोन शोधूनही सापडली नाहीत, आणि रांग जिन्यापर्यंत गेली. ही वाटणी किती सोपी आहे याचं गणित त्यानेच मांडलं होतं. त्या गणितात आईचे हात कुठे धरलेच नव्हते.

रमाबाईंनी बूट काढले. पदर खोचला.

"सरक. तुझ्यानं नाही होत."

"आई, साठ दिवसांचा प्रश्न—"

"कळते मले. सरक म्हटलं ना."

संध्याकाळी सहाला शेवटचं खोकं गेलं. ग्राफ कोसळला नाही. पोळीभाजी त्यांनी घरातच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर प्रफुल्लने कसंबसं विचारलं, "विहारात काय सांगशील?"

"सांगीन, लय गर्दी होती."

*

मंगळवारी वरच्यांनी आकडे पाहिले आणि खूश झाले. प्रयोग सिद्ध झाला. कुठल्याही घरचं दार चालतं. मग हे कसं जमवावं यावर विचार करणाऱ्या टीमचा खर्च कशाला? दुपारपर्यंत सगळे बाहेर, देवांगसुद्धा.

दोनशे चारमधली बाई गेली, हे मात्र सिस्टिमला कुणी सांगितलं नाही. सांगणारी टीमच नव्हती. बुधवारी लुईसने एकशे बावन्न खोकी उतरवली आणि आत डोकावून, आई कुठे अशा अर्थी, विचारलं, "मामा?"

प्रफुल्लने मान हलवली. लुईसने घड्याळाकडे पाहिलं आणि तो गेला. प्रफुल्ल खोक्यांमध्ये खाली बसला. बाहेर लोक जमायला लागले होते. कुणीतरी बेल दाबून धरली होती.

मे महिन्यात रमाबाईंचं स्वस्तातलं तिकीट न्यूयॉर्कपर्यंतचंच होतं, आणि प्रफुल्ल त्यांना तिथूनच गाडीने घेऊन आला होता.