नववा मजला

दोघी बहिणी एकत्र गायच्या तेव्हा चाली थोरलीच्या असत आणि बाकी सगळं धाकटीचं. कपडे, पोस्टर, कुठल्या ओळीला कुणी कुणाकडे बघायचं, दिवे कधी घालवायचे. थोरली भाजी चिरता चिरता काहीतरी गुणगुणायची, धाकटी ते उचलायची, आणि थोड्याच दिवसांत कुठल्याशा लहान सभागृहात लोक त्याच ओळी दोघींबरोबर म्हणत असायचे. मग एकदा तालमीनंतर वायरी गुंडाळताना धाकटी म्हणाली, "ताई, तुझ्या चाली गोड असतात गं, पण लहान असतात. मला आता काहीतरी मोठं करायचंय."

"कर ना," थोरली म्हणाली आणि वायर गुंडाळत राहिली. धाकटीचं ते वाक्य मात्र तिच्या घशात काट्यासारखं रुतून बसलं.

धाकटीला एक निर्माता भेटला. सगळे त्याला चष्मा म्हणत, कारण तो अंधाऱ्या खोलीतही काळा चष्मा काढत नसे. थोरलीने रेडिओ केंद्रात जाहिराती जुळवायचं काम धरलं. ध्वनिमुद्रणातले निवेदकाच्या श्वासांचे आवाज कापायचे, दोन शब्दांमधली पोकळी बुजवायची, फरशी पुसायच्या द्रवासाठी चिमुकली चाल बांधायची. लोक ती चाल जिन्यात गुणगुणत जायचे. कानावर पडली की तिला बरं वाटण्याऐवजी चीडच यायची.

धाकटीचा अल्बम व्हायला दोन वर्षं लागली. नाव 'नववा मजला'. नऊ गाणी, नऊ मजले, मधे लिफ्टचा आवाज, प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा एका सुराने वर. व्हायोलिनचा मोठा ताफा, मागे लहान मुलांचा कोरस. मुखपृष्ठावर धाकटी चंदेरी सुटात, अर्धवट उघडलेल्या लिफ्टमध्ये. फोटो असा की हातातून खाली ठेवावासा वाटू नये.

अल्बम बाहेर पडण्याआधी धाकटीने थोरलीला स्टुडिओत बोलावलं. चष्मा मागे सोफ्यावर पाय पसरून बसला होता. दिवे मंद केले आणि गाणी सुरू झाली.

आवाज अप्रतिम होता. ढोलाचा एकेक ठोका जिथल्या तिथे, व्हायोलिनं रेशमासारखी. पहिल्या मजल्यावर थोरली थक्क झाली. दुसऱ्यावर ती वाट बघायला लागली. चौथ्यावर तिला कळून चुकलं. मुखडा दोन सूर वर जायचा आणि निमूटपणे परत जागेवर येऊन बसायचा. 'दार उघड' या शब्दांवर त्याने झेप घ्यायला हवी होती. ती झेप कशी असावी, हे तिच्या बोटांनी मांडीवर वाजवूनही पाहिलं. पुढच्या गाण्यांतही तेच. नटूनथटून आलेलं माणूस दारातच उभं राहावं आणि आत येऊन काही बोलूच नये, असं वाटत होतं.

शेवटचं गाणं संपलं. धाकटी अंगठ्याचं नख कुरतडत होती.

"ताई, कसं वाटलं? खरं सांग."

थोरलीच्या ओठांवर खरं आलं होतं. पण त्याआधी घशातला काटा हलला. लहान चालींच्या बाईला कशाला विचारतेस, असं मनात आलं आणि ती हसून म्हणाली, "मस्त झालंय. कुठेही हात लावू नकोस."

"बघ," चष्मा म्हणाला, "मी सांगत होतो."

धाकटीने मान डोलावली. तिचा चेहरा सैल पडला. थोरलीला तो आनंद वाटला.

अल्बम आला. एका समीक्षकाने लिहिलं की पोशाख देखणा आहे, आत कोण आहे ते मात्र कळत नाही. थोरलीने तो मजकूर केंद्रातल्या टेबलापाशी उभ्या उभ्या दोनदा वाचला. ते तिचंच मत होतं, ते छापून यायच्या आधी बहिणीला कळायला हवं होतं.

धाकटीच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला ती मागच्या रांगेत बसली. रंगमंचावर खरोखरची लिफ्ट उभी केली होती. टाळ्या पडत होत्या, फोन वर धरलेले होते. चौथ्या गाण्यात धाकटीने नेहमीच्या सवयीने माईक लोकांपुढे केला, पुढची ओळ त्यांनी म्हणावी म्हणून.

कुणी म्हटली नाही. लोक प्रेमाने हसत होते, काहींचे ओठ हलले, पण चाल कुणालाच सापडेना. व्हायोलिनं एकटीच वाजत राहिली. धाकटीने सफाईने गिरकी घेतली आणि ओळ स्वतःच गायली. थोरली मान खाली घालून पायाखालच्या गालिच्याकडे बघत बसली.

पुढचे कार्यक्रम एकेक करून गळाले. चष्म्याने दुसरी गायिका धरली. धाकटी आईकडे राहायला आली. एका रविवारी दुपारी थोरली तिथे गेली तेव्हा ती पलंगावर बसून चंदेरी सुटाची उसवलेली बाही शिवत होती. आई शेजारी गेली होती.

"मला त्या दिवशी स्टुडिओतच कळलं होतं," थोरली म्हणाली.

"काय?"

"चाली उठत नाहीत ते. चौथ्यात काय करायला हवं होतं तेही."

सुई थांबली. "मग बोलली का नाहीस?"

"राग होता मनात. माझ्या चालींना लहान म्हणालीस ना."

"मी? कधी?"

तिला खरंच आठवत नव्हतं. थोरलीने जे वाक्य इतके दिवस उराशी धरलं, ते बोलणारीने दारातच टाकून दिलं होतं.

"ताई, मलाही शंका होती," धाकटी हळू म्हणाली. "चष्म्याशी भांडून तुला बोलावलं होतं. म्हटलं, ताई नको म्हणाली तर थांबायचं. तू मस्त म्हणालीस, मग मीच माझ्या कानांना गप्प केलं."

"माझं चुकलं गं."

"हो," धाकटी म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. "आता जा तू. आई यायच्या आत जा, नाहीतर विचारत बसेल."

बरेच दिवस दोघी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी केंद्रात धाकटीचा फोन आला. "तो चौथा मुखडा तू कसा केला असतास, म्हणून दाखव."

थोरली कॉरिडॉरच्या टोकाला गेली आणि भिंतीकडे तोंड करून गायली.

"छान आहे," धाकटी म्हणाली. "मी गाणार नाही हे. पण ऐकायचं होतं."

आता ती पुन्हा गाणी करते, साधी, स्वतःच्या चालीची, आणि कच्ची असतानाच फोनवर ताईला ऐकवते. थोरली जे वाटेल ते सांगते, भीड न ठेवता. धाकटी ऐकून घेते. मग थोडं थांबून विचारते, "नक्की?" थोरली "नक्की" म्हणते. तरी फोन ठेवण्याआधी ती पुन्हा एकदा विचारतेच, आणि थोरली पुन्हा उत्तर देते.