पाहिल्याचा दिनांक

हेमलता दुधगावे संदर्भसूचीत ‘पाहिल्याचा दिनांक’ म्हणून जी तारीख लिहायची, तो दिवस तिच्या आयुष्यातून निघून जायचा. त्या जागी ती दिवसभर संगणकासमोर बसलेली असायची.

तिच्या प्रबंधाचा विषय ‘ग्रामपंचायतींची संकेतस्थळे’ असा होता. त्यामुळे सगळे संदर्भ इंटरनेटवरचे. कुठलं पान कधी पाहिलं हे तिने टिपलं नव्हतं. कुणीच टिपत नाही. पहिल्या खेपेला तिने रीतीप्रमाणे सगळ्यांना एकच तारीख ठोकून दिली. मार्गदर्शक कुंभोजकर सरांनी सूची परत केली.

“एका दिवसात एवढं वाचलंत?”

“वाचलं नाही सर, पाहिलं.”

“मग वेगवेगळ्या दिवशी पाहा.”

तिने सुचतील त्या तारखा टाकल्या. पुढच्या रविवारी नणंद घरी आली, तिच्या बाळाच्या बारशाचा विषय निघाला आणि नणंद म्हणाली, तू कुठे आली होतीस वहिनी, साइट उघडत नाहीये म्हणून निरोप पाठवलास. पाळण्याची दोरी हेमलताने स्वतःच्या हाताने ओढली होती. तिने फोटो मागून घेतला. फोटोत पाळणा होता, बायका होत्या, आणि पार मागे कोपऱ्यात संगणकासमोर तिची पाठ होती. नणंदेला त्यात काही वावगं दिसलं नाही.

तेव्हापासून ती तारखा जपून देऊ लागली. कॉलेजातल्या विभागाच्या बैठकांचे दिवस दिले. निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा दिवस दिला, त्याबद्दल गैरहजेरीची नोटीस आली. सासूबाईंचे चुलतभाऊ मुक्कामाला होते ते दिवस तर तिने आनंदाने दिले. पण टाकाऊ दिवस लवकर संपतात. शिवाय पान त्या तारखेला इंटरनेटवर असायला हवं, हे सर तपासून पाहत. मग चांगल्या दिवसांना हात घालावा लागला.

“आपण महाबळेश्वरला गेलो होतो ना रे?” तिने एकदा नवऱ्याला, दिगंबरला विचारलं.

“मी आणि मुक्ता गेलो होतो. तू प्रबंधात होतीस.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला राग आला तो त्याचाच.

शेवटच्या मुदतवाढीचा शेवटचा दिवस उजाडला. पाचच्या आत प्रबंध विद्यापीठात पोचला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे पहिल्यापासून सगळं. हेमलता छापील प्रत घेऊन सरांच्या घरी गेली. सूचीत एकच जागा कोरी होती.

ती हिवरखेडीच्या संकेतस्थळाची होती. ते एकच दिवस चाललं. सकाळी उद्घाटन झालं. सरपंचांपेक्षा उपसरपंचांचा फोटो मोठा निघाला. रात्री बंद पडलं. हेमलताने ते पुढे कधीतरी ग्रामसेवकाने फोनवर पाठवलेल्या चित्रांत पाहिलं होतं. पण ग्रामसेवकाचा फोन हा संदर्भ होत नाही, असं सरांचं म्हणणं. आणि संदर्भ काढावा तर तिसरा अध्याय उरत नव्हता.

“तारीख तर उघड आहे,” सर म्हणाले. “एकच दिवस आहे. लिहा.”

“त्या दिवशी मी कालव्यावर होते सर.”

“वार कोणता?”

“रविवार.”

“रविवार चालतो.”

तिने सांगितलं. गावाला जाताना ते कालव्यापाशी थांबले होते. दिगंबर रस्त्यापलीकडे पेरू घ्यायला गेला होता. पाच वर्षांची लेक मुक्ता वाहत चाललेली चप्पल धरायला वाकली आणि घसरली. हेमलताने फ्रॉकचं टोक पकडलं. काठावर दुसरं कुणीही नव्हतं.

“पडली का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“सर, मी तिथे होते म्हणून नाही पडली.” मुक्ता आता नववीत होती. आत्ता घरी भूमितीची गणितं सोडवत बसली असेल. “मला नको पदवी. मी प्रबंध मागे घेते.”

“तुमचं ठीक आहे हो, पण त्यावर माझंही नाव आहे,” सर शांतपणे म्हणाले. त्यांनी प्रत पुढ्यात ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. “मार्गदर्शक म्हणून तेवढा अधिकार असतो मला.”

त्यांचं अक्षर सुरेख होतं. त्यांनी दिवस लिहिला. पान हिसकावून घ्यायला हेमलताने उजवा हात पुढे केला, पण मूठ उघडेना. सरांनी महिना लिहिला. तिने खाली पाहिलं. मुठीत फ्रॉकचं टोक होतं, ओलं, आणि त्याला खालून ओढ होती.

सर सालाचे आकडे लिहू लागले. तिने दुसराही हात लावला.