खोली नंबर चार

माझी ताई कुजबुजली तर तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे आवाज असा झाला, असं ती सांगायची. दाजी म्हणायचे, लग्नाच्या वेळीही असाच होता, फक्त तेव्हा आम्ही त्याला उत्साह समजलो.

दाजी पाणीपुरवठा खात्यात होते. त्यांनी आयुष्यभर शहराला पाणी पाजलं आणि ताईने दाजींना. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाली. लोक अशा वेळी तब्येत सांभाळतात. या दोघांनी घरामागच्या कपडे धुवायच्या खोलीत तांब्याची भट्टी बसवली आणि रीतसर परवाना काढून जिन गाळायला घेतली.

त्याला कारण एक खिडकी. लग्नानंतर ती दोघं समुद्रकाठच्या एका लहानशा गावी आठ दिवस राहिली होती. खोली नंबर चार. खिडकी दमट हवेने फुगून बसलेली. सात दिवस ती उघडली नाही. आठव्या दिवशी सामान बांधून झाल्यावर दाजींनी खांदा लावला आणि ती धाडकन उघडली. ओला दोरखंड, मीठ, उन्हात तापलेली लाकडं आणि खाली कुणीतरी लिंबं कापत होतं, ते सगळं एकदम आत आलं. मग दोघं परत आली, कारण गाडीची वेळ झाली होती. पंचेचाळीस वर्षं ताई तो वास विसरली नाही. "घोट घेतला की ती खिडकी उघडली पाहिजे," ती म्हणायची. जिनचं नावही तिने 'खोली नंबर चार' ठेवलं. परवान्याच्या टेबलावरच्या कारकुनाने विचारलं, "बाई, नक्की काय काढताय? दारू की लॉज?"

भट्टीचा प्रकार मला ताईनेच समजावला. सुरुवातीची धार फेकायची, शेवटची फेकायची, मधली ठेवायची. मी म्हटलं, "आपल्याकडे तर पहिल्या धारेचीच महती." ती म्हणाली, "म्हणूनच तुझे मित्र लवकर गेले." मधली धार कुठे संपते हे ती नाकाने ठरवायची. आणि आणखी एक नियम: आधी वास, मग नाव. कुठलीही बाटली हुंगायची तर चिठ्ठी झाकून. नाव वाचलं की नाक खोटं बोलतं, म्हणायची.

तिने मनासारख्या दोनच खेपा काढल्या. पहिलीतली एक बाटली, स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून, मला दिली. मला डॉक्टरांनी सगळंच बंद केलेलं, त्यामुळे ती शब्दकोशांच्या मागे जाऊन बसली.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी ताईने चहा ठेवला आणि दाजींना हाक मारली. दाजी "आलो" म्हणाले आणि नेहमीप्रमाणे आले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच तिने दुसरी हाक मारली नाही.

तेरावं झाल्यावर, चौदाव्या की पंधराव्या दिवशी, दाजींनी तिची वही उघडली. ज्युनिपरची फळं किती, लिंबाची साल किती, वाळवलेलं समुद्रशेवाळ किती, आच किती, सगळं ग्रॅममध्ये आणि अंशांमध्ये. आणि नेमक्या जागी एकच ओळ: 'वास आला की थांबणे.' कुठला वास, ते तिला माहीत होतं.

"विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर शून्य दिलं असतं तिने," दाजी म्हणाले.

उरली होती एक बरणी. दुसऱ्या खेपेतली, अर्धी भरलेली, रुंद तोंडाची. दाजींकडे ताईचा नमुना तेवढाच. दाजींनी ठरवलं, हिच्याशी जुळेल तेव्हाच नवी जिन बाजारात आणायची, नाहीतर भट्टी भंगारात. मग रोज दहाच्या ठोक्याला बरणी उघडायची, तीन दीर्घ श्वास घ्यायचे, झाकण लावायचं आणि कामाला लागायचं. गाळलं की पुन्हा उघडून ताडून बघायचं. मी गेलो की मलाही हुंगायला द्यायचे. भाची, म्हणजे त्यांची मुलगी, कागदपत्रं बघायची. पण बरणीपाशी ती कधी जायची नाही. "मला आईचा आवाज चालेल, वास नको," म्हणायची.

चौदा महिने हे चाललं. दर खेपेला दाजी मान हलवायचे. "जवळ आलंय, धाकटे. अजून थोडं टोचतंय." मी सहासष्ट वर्षांचा आहे, पण त्यांच्या हिशेबी धाकटाच.

गेल्या मंगळवारी त्यांनी दोन पेले माझ्यापुढे ठेवले, चिठ्ठ्या झाकून. मी दोन्ही हुंगले. पुन्हा हुंगले. काडीचा फरक नव्हता.

"जमलं, दाजी."

ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग भाचीला हाक मारून म्हणाले, "बाटल्या मागव गं. गुरुवारी भरू."

घरी आलो आणि वाटलं, आज ताईच्या नावाने एक थेंब घ्यायला डॉक्टरांची हरकत नसावी. त्यांना विचारणारच नव्हतो. इतके महिने विसरलेल्या त्या बाटलीसाठी शब्दकोश बाजूला केले. बूच तीन वर्षांत हललं नव्हतं. ते काढलं.

मी समुद्रकाठच्या त्या गावी कधी गेलेलो नाही. पण माझ्या खोलीत ओला दोरखंड आला, मीठ आलं, तापलेलं लाकूड आलं, आणि खाली कुणीतरी लिंबं कापायला लागलं.

मग मला कळलं आपण काय केलं ते. रोज उघडून उघडून बरणी विटत गेली होती. ताई तिच्यातून रोज थोडी थोडी उडून जात होती, आणि जे उरत होतं त्याच्याशी आम्ही जुळवत होतो. मंगळवारी जुळलं ते रिकाम्या बरणीशी.

गुरुवारी सकाळीच गेलो. तीनशे बाटल्या रांगेत उभ्या होत्या, अजून एकही भरलेली नव्हती. माझी बाटली मी वर्तमानपत्रात गुंडाळली होती, ताईचा नियम. म्हटलं, आधी हुंगू दे. एकदा वास ओळखला की सांगायला काही उरणारच नाही.

"दाजी, ही बघा जरा."

त्यांनी पेल्यात ओतून घेतली. डोळे मिटले. तीन श्वास. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"चांगली आहे," ते म्हणाले. "मेहनत दिसते. पण गलका फार आहे हिच्यात. सगळं एकदम अंगावर येतं." पेला खाली ठेवला. "तुमच्या ताईचं असं नसायचं. तिचं कसं, शांत. हळू बोलणारं."

मला तीन घरं पलीकडच्या लोकांना साक्षीला बोलवावंसं वाटलं.

"कुणाची आहे?"

वर्तमानपत्राची घडी माझ्या बोटाखाली होती. एक झटका दिला असता तर ताईचं अक्षर वर आलं असतं. दाजींचे दोन्ही हात मांडीवर होते. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच ते हात कशाची वाट बघत नव्हते.

"बाजारातली," मी म्हटलं. "सहज आणली."

तेवढ्यात भाची चिठ्ठ्यांचा खोका घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली.

"खिडकी कुणी उघडली?"

"कुठली गं?" दाजी म्हणाले. "बंदच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या हातातल्या वर्तमानपत्राकडे. मी मान अगदी थोडी हलवली. तिने खोका टेबलावर ठेवला, आमच्याकडे पाठ केली आणि चिठ्ठ्या मोजायला लागली. एकच गठ्ठा तिने चारदा मोजला.

दाजींनी नळी लावून पहिली बाटली भरली. उजेडात धरली. "काय धाकटे, तिला आवडली असती ना?"

"आवडली असती, दाजी."

भाचीने दारापर्यंत सोडलं. "मामा," ती म्हणाली, "ती बाटली उघडू नका हं पुन्हा."

"नाही."

"मी आले तरी नाही."

रस्त्यात दोनदा थांबून मी बूच दाबून बघितलं.